भागीचं एक मिनिट

अध्यक्ष म्हणलं की लोकांना वाटतं मोठी खुर्ची असंल. कसलं आलंय! आमच्या शाळेच्या समितीला बाईमाणूस पाहिजे होतं, तिचं लेकरू त्याच शाळेत पाहिजे होतं, आन् मीटिंगला येऊन बसायला गावात कुणी बाई तयार होईना. माझं तोंड मोठं, म्हणून सगळ्यांनी मिळून माझं नाव टाकलं. वच्छलाबाई अध्यक्ष. मला सही येती. तेवढीच येती, बाकी वाचायच्या नावानं अंधार. पण सांगून ठेवते, मीटिंगला मी कधी गप बसले नाय.

सिल्लोडाहून फर्दापूरकडं निघालं की मधीच एक रस्ता आत वळतो, तिथं आमचं गाव. लेण्या बघणाऱ्यांच्या गाड्या मोठ्या रस्त्यानं सरळ निघून जातात. आत वळला तर मक्याचा व्यापारी, नायतर शाळा तपासणारा साहेब. व्यापाऱ्याचं बरं असतं, भावावरून भांडता तरी येतं. तपासणीवाल्याशी काय भांडणार?

ही तपासणी कशी असती ते सांगते. साहेब बाहेरचा असतो. तो चौथीच्या एकेका लेकराला उभं करतो, लेकरानं कधी न बघितलेला छापील कागद हातात देतो, आन् मोबाईलात मिनिट लावतो. मिनिटात कागद वाचून झाला तर लेकराला वाचता येतं. नाय झाला तर येत नाय. मधलं काही नाय. सगळी लेकरं पास झाली तर शाळा प्रगत, एक जरी मागं राहिलं तर अप्रगत. गेल्या साली आमची दोन लेकरं मागं राहिली. ह्या साली एक जरी राहिलं तर फारूख सरांची बदली, असं सरांना वरून तोंडावर सांगितलेलं. सरांनी गावात कुणाला सांगितलं नव्हतं, पण अशी गोष्ट लपती का? ती चुलीच्या धुरावानी घराघरात गेली.

आन् मागं राहणारं ते एक लेकरू कोण, हे पण साऱ्या गावाला माहीत होतं. माझी भागी.

भागी चौथीत. सासूबाईच्या सासूचं नाव ठेवलंय, भागूबाई. पोरगी डोक्यानं लई तेज, पण जीभ अडकती. एक अक्षर दातात धरलं की सुटता सुटत नाय, मानेच्या शिरा फुगतात, डोळे भरतात. घरी माझ्याजवळ बसली की थोडं थांबून थांबून बोलती, वाचती. कुणी नवीन माणूस आलं की संपलं, तोंडाला कुलूप. दुसरीपर्यंत ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. आधीचे गुरुजी म्हणायचे, पोरगी मंद आहे. मी त्यांना शाळेच्या दारात जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाय.

मग फारूख सर आले. राहणार सिल्लोडचे, गाडीवर येऊन-जाऊन करतात. त्यांनी आठ दिवस नुसतं बघितलं आन् मग वर्गात एक कायदा केला. सरांनी सवाल टाकला की ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा. आन् ज्याला येतं पण साऱ्यांसमोर बोलायचं नाय, त्यानं डावा. डाव्या हाताला सर कधी उभं करत नाहीत. नंतर पाटीवर लिहून दाखवायचं, नायतर सरांच्या कानात सांगायचं. पहिल्या दिवशी भागीनं डावा हात वर केला तेव्हा ती घरी उड्या मारत आली. हळूहळू दुसरी लाजरीबुजरी पोरं पण डावा हात वर करायला लागली. दोन सालात ती सरांशी बोलायला लागली, मैत्रिणींशी बोलायला लागली. तिच्यासाठी ती शाळा म्हणजे फारूख सर. ते गेले तर पोरगी पुन्हा कुलूप लावून बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आन् तेही तिच्याच पायी गेले तर?

तपासणीची तारीख आली तेव्हा मका सोंगून झालेला होता. कणसं वाळत घालायला लोकांना शाळेचं अंगण म्हणजे बापाची जागा. मी दारोदार फिरून कणसं उचलायला लावली. शाळेत खिचडी शिजवणारी लक्ष्मीबाई माझ्याबरोबर होती. ती टोपलं भरता भरता म्हणाली, "वच्छलाबाई, एक बोलू का, रागावू नका. त्या दिवशी भागीला ताप आणा."

आमच्या भागात ही रीत आहे. तपासणीच्या दिवशी कच्च्या लेकराला ताप येतो. पंचक्रोशीतल्या साऱ्या शाळांत येतो, साहेबांना पण माहीत असतं, ते गैरहजर लिहून मोकळे होतात. गैरहजर लेकरू मोजत नाहीत.

"माझी पोरगी कच्ची आहे का?" मी म्हणलं.

"कच्ची कोण म्हणतंय? पण साहेबाच्या पुढं बोलंल का ती? सरांचा तरी विचार करा."

मी टोपलं तिथंच आदळलं आन् घरी आले. घरी सासूबाई पण तेच घेऊन बसलेली. "वच्छे, ठेव एक दिवस घरी. मका सोलायला हात लागतातच. उगं मास्तराच्या पोटावर पाय कामून देती?" मालक म्हणाले, तुझं तू बघ, अध्यक्ष तू आहेस. ह्या माणसाला अडचणीच्या वेळंलाच माझं अध्यक्षपद आठवतं.

राग आला खरा, पण रागाच्या खाली भ्याव होतं. लोक चूक बोलत नव्हते, हेच तर दुखत होतं. मी संध्याकाळी शाळेत गेले. म्हणलं, सरांनाच विचारू. ते म्हणतील तसं करू. सर भिंतीवरचे तक्ते सरळ करत होते. सरळच होते ते, तरी करत होते.

"सर, भागीला आणू का नको? खरं सांगा."

सरांनी एक तक्ता पुन्हा खिळ्याला अडकवला. मग म्हणाले, "ताई, दोन साल झाले, मी तिला रोज म्हणतो, ये, शाळा तुझी आहे. आता एक दिवस नक्को येऊ, कसं म्हणू?"

"पण तुमची बदली?"

"बदली तो होतीच है कधी ना कधी. टेन्शन नक्को लो." असं म्हणताना त्यांच्या हातातला खडू दोनदा खाली पडला. माणूस मला टेन्शन घेऊ नको म्हणत होता आन् त्याच्याच कपाळाला घाम.

त्यांनी घरी ठेवा म्हणलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या डोक्यावर खापर फोडून मी मोकळी झाले असते. ती पळवाट पण त्यांनी ठेवली नाय.

सकाळी मी भागीच्या दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. अजून माझं ठरत नव्हतं. भाकर तिनं नुसती कुस्करून ठेवली. मी म्हणलं, "भागे, पोट दुखतंय का? दुखत असंल तर ऱ्हा घरी." मीच म्हणलं, ह्या तोंडानं. मला वाटलं, ती व्हय म्हणंल आन् सारंच मिटंल.

ती माझ्याकडं बघत राहिली. "माय, मा... माझ्यामुळं स... सर जातील का?"

"कोण म्हणलं तुला?"

"सा... सारे म्हणतेत."

 एवढ्याशा जिवाला गावानं काय डोक्यावर दिलं होतं! मी तिचा हात धरला आन् सरळ शाळेचा रस्ता धरला. हिंमत म्हणू नका तिला. घरी ठेवलं असतं तर पोरगी जन्मभर म्हणली असती, मायनं पण मला कच्चीच धरलं, ह्या एका धाकानं मी तिला नेलं.

साहेब आले. आप्पासाहेब त्यांचं नाव, वयानं मोठे, आवाज मऊ. मला वाटलं होतं मिशावाला कुणी डरकाळ्या फोडत येईल. हा माणूस लेकरांना नमस्कार करत आत आला, पाणी पिला, लक्ष्मीबाईला खिचडीत काय टाकता म्हणून विचारलं. मला जरा धीर आला. मग त्यांनी कायदे सांगितले. तपासणी चालू असताना सरांनी बाहेर थांबायचं. अध्यक्षांनी आत बसायचं, साक्षीदार म्हणून. "पण ताई, बोलायचं नाही. खूण पण करायची नाही."

मला, वच्छलाबाईला, तोंड मिटून बसायला सांगितलं. भिंतीजवळ खुर्ची दिली. समोर चार हातांवर माझी पोरगी. दारातून सर बाहेर गेले तेव्हा भागी मान वळवून त्यांच्या पाठीकडं बघत होती.

साहेबांनी आधी लेकरांची भीती मोडायला म्हणून सगळ्यांना मिळून सोपा सवाल टाकला. पावसाळ्यात आपल्याकडं कोणती पिकं घेतात? झालं, सारे हात वर. भागीची मैत्रीण गौहर, तिचा उजवा, पुढच्या पोरांचे उजवे, आन् मधी मधी चार-पाच डावे. भागीचा डावा, पार कानाला चिकटलेला.

साहेब हसले. ते हसू मला लगेच कळलं. पूर्वीचे मास्तर तपासणीच्या दिवशी पोरांना पढवून ठेवायचे, सगळ्यांनी हात वर करा. येतं त्यानं उजवा, येत नाय त्यानं डावा. साहेबाला दिसायचं साऱ्या वर्गाला येतं, आन् मास्तर नेमक्या उजव्या हातालाच उभं करायचा. जुनी चलाखी. साहेबानं तीच धरली.

"मी पण मास्तरकीच केलीय रे बाळांनो," साहेब म्हणाले. "उजवे हात खाली घ्या. आज आपण डाव्या हातांपासून चालू करू."

मला ओरडून सांगावं वाटलं, अहो साहेब, आमच्यात डाव्याचा अर्थ तो नाय! तोंडावर पदर दाबून बसले. दाराबाहेर सरांची सावली हलली आन् पुन्हा थांबली. त्यांनी पण ऐकलं होतं.

पहिलं एक पोरगं उभं राहिलं, लाजत लाजत पण वाचून मोकळं झालं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. दुसरीनं पण वाचलं. मला वाटलं, आता तरी ह्यांच्या डोक्यात उजेड पडंल. पण साहेबांनी बोट पुढं केलं. "लाल रिबिनवाली."

भागी उभी राहिली. कागद हातात घेतला. मोबाईलवर मिनिट चालू झालं.

तिनं तोंड उघडलं. पहिलं अक्षर 'प' असावं, कारण ओठ मिटले ते मिटलेच. मानेच्या शिरा वर आल्या. मी माझ्या जागी बसून तिच्याबरोबर ओठ दाबत होते, जसं काय माझ्या जोरानं तिचं अक्षर सुटंल. वर्गात कुणी हसलं नाय, आमची लेकरं हसत नाहीत तिला. साहेब मऊ आवाजात म्हणाले, "घाबरू नको बाळ, वाच." ते मऊ बोलत होते तेवढी ती घट्ट होत होती.  एकदा 'प' आला, पुन्हा 'प', पुन्हा 'प'. मग डोळ्यातनं पाणी. मोबाईल वाजला.

"बस बाळ," साहेब म्हणाले आन् खाली बघून काहीतरी लिहिलं.

बाकीच्यांनी काय वाचलं मला विचारू नका. माझ्या कानात काही गेलं नाय. भागी खाली मान घालून रिबिनीचं टोक चावत होती. मी मनात त्या साहेबाला, सासूला, लक्ष्मीबाईला, आन् सगळ्यात जास्ती स्वतःला शिव्या घालत होते. एक दिवसाचा ताप आणायला काय झालं होतं गं तुला? मोठी आली लेकीचा मान राखणारी. आता सरांची बदली होईल आन् पोरगी म्हणंल, माझ्यामुळं झाली.

सारं संपल्यावर सरांना आत बोलावलं. साहेबांनी निकालाचा तक्ता त्यांच्यापुढं सरकवला. सरांनी वरून खालपर्यंत नजर फिरवली, एका जागी थांबली, मग त्यांनी गपचूप सही केली.  मला त्यांचा पण राग आला. भांडा की जरा! पण त्यांना वाटत असंल, भांडलो तर स्वतःच्या बदलीसाठी भांडतोय असं दिसंल.

"ताई, आता तुमची," साहेबांनी पेन माझ्याकडं केला. "इथं खाली. अध्यक्षांची सही झाल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही."

मी पेन घेतला. हात कागदापर्यंत गेला आन् थांबला.

"साहेब, ह्यात काय लिहिलंय?"

"लेकरांची नावं आणि निकाल. वाचून दाखवतो ना."

"तुमीच लिहिलेलं तुमीच वाचणार, मग मला काय कळणार?" मी म्हणलं. आता तोंड उघडायची बंदी उठली होती. "मला वाचता येत नाय. आमच्या घरी कागद आला, लाइट बिल आलं, बचत गटाचं पत्र आलं, तर ते एक माणूस वाचून दाखवतं, तवा मी सही करते. आजपर्यंत त्याच्याबिगर केली नाय, आज पण करणार नाय."

"मग बोलवा त्यांना. थांबतो मी," साहेब म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं, मालकांना बोलावते.

मी खुर्चीवरून उठले. खाली सतरंजीवर, लेकरांच्या मधी मांडी घालून बसले, घरी चुलीजवळ बसते तशी. "भागे, इकडं ये. मायला वाचून दाखव."

ती जागची हलंना. मी नुसती मांडीवर थाप मारली. ती आली आन् मला चिकटून बसली. तिचं अंग तापल्यावानी गरम लागत होतं. मी तक्ता तिच्यापुढं धरला. "घाई नाय. मका घरी सासूबाई सोलतीच आहे, मला काही काम नाय. आन् साहेब, तुमी वरून बघत ऱ्हा. कुठं चुकली तर थांबवा."

तिनं बोट पहिल्या ओळीवर टेकवलं. सरांनी खिडकीकडं तोंड केलं.  पुन्हा सगळ्यांसमोर तिची जीभ बांधली गेली, तर हे मीच केलेलं दुसरं वाटोळं. मग कानाजवळ बारीक आवाज आला.

"शा... शाळेचं ना... नाव."

ती वाचत गेली. एकेका अक्षरावर अडकत, थांबत, पुन्हा मागून धरत. गावाचं नाव, तालुक्याचं नाव. मग लेकरांची नावं. "गौ... गौहर. वा... वाचता येते." दुसऱ्याचं नाव. "वाचता ये... येते." बोट ओळीखाली सरकत होतं. आवाज हळूहळू माझ्या कानातून बाहेर निघाला, पुढच्या रांगेला ऐकू जाईल एवढा झाला. साहेब वाकून उभे होते. त्यांनी एकदा पण थांबवलं नाय.

मग तिचं बोट एका ओळीवर आलं. मला अक्षर कळत नाय, पण मला कळलं ती कोणती ओळ ते. माझा हात तिच्या पाठीवर होता, तिथं श्वास थांबलेला लागला. म्हणलं, कागद ओढून घ्यावा. नाय घेतला.

"भा... भागू सांडू," तिनं स्वतःचं आन् बापाचं नाव वाचलं. "वा... वाचता... ये... येत... ना... नाही."

 तिनं बोट तिथंच ठेवलं आन् मान वर केली. माझ्याकडं नाय, सरांकडं पण नाय. साहेबाकडं.

"सा... साहेब," ती म्हणाली. "म... मी... वाचलं."

साहेबांनी तक्त्यावरच्या त्या ओळीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "मिनिटात नाही वाचलंस बाळ."

"मग तसं लिहा की," मी म्हणलं. "मिनिटात येत नाय म्हणून लिहा. येतच नाय म्हणून कामून लिहिता? ज्यानं तिचं तोंड उघडलं त्या माणसाला ह्याच ओळीपायी हलवणार का तुमी?"

साहेबांनी सरांकडं बघितलं. "डाव्या हाताचं काय होतं सर?"

सरांनी सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, मान खाली घालून. साहेब ऐकून घेऊन खुर्चीवर बसले, चष्मा काढला, पुसला. मोबाईल उचलून खिशात घातला. मग तक्ता पुढं ओढून त्या ओळीतले शेवटचे शब्द आडवे खोडले, वर दुसरं लिहिलं आन् माझ्याकडं सरकवला.

"खाडाखोड झाली की तिथं पण अध्यक्षांची सही लागते. आधी इथं करा, मग खाली."

भागीनं ती ओळ मला नव्यानं वाचून दाखवली, "वा... वाचता ये... येते," तवा मी सही केली. खाडाखोडीजवळ जागा एवढीशी, त्यात अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली, मला स्वतःला पण ओळखू येईना. भागी माझ्या खांद्यावरून वाकली. तिनं ते वेडंवाकडं माझं नाव वाचलं, मोठ्यानं, साऱ्या वर्गासमोर, प्रत्येक अक्षरावर थांबत, आन् कुणीच तिला घाई केली नाय.